यिर्मया २९, वाघोलीचा ट्रॅफिक आणि आमचा लेंट

३१ डिसेंबरच्या रात्री बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षाचं वचन काढायची पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. उपासना संपता संपता बारा वाजतात, घंटा होते, सगळे एकमेकांना हॅपी न्यू इयर करतात आणि मग एक ताट फिरतं, त्यात छोटी छोटी कार्डं पालथी ठेवलेली, प्रत्येकाने एक उचलायचं आणि त्यावर जे येईल ते आपलं वर्षभराचं वचन. लहान पोरं दोन उचलतात आणि आवडेल ते ठेवतात. मोठेही तेच करतात, फक्त जरा लपून. आणि त्या ताटात यिर्मया २९:११ चं (म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय, ११वं वचन) कार्ड नाही असं होणं शक्यच नाही.

तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अशा अर्थाचं ते वचन. दहावीच्या पोरांना, नवीन नोकरी लागली की, नोकरी गेली की, लग्न ठरलं की, ठरलेलं मोडलं की, सगळीकडे चालतं. मगवर छापलेलं बघितलंय, रिक्षाच्या मागे बघितलंय, आणि सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोवर तर ते येतंच येतं. माझा त्या वचनावर राग नाहीये. वाईट काळात त्याला धरून माणसं तगलेली मी जवळून बघितलीत. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. कुणीतरी, कुणालातरी, एका विशिष्ट भानगडीत लिहिलेलं पत्र, आणि त्यातलं एक गोड वाक्य कापून फ्रेम करायचं नि बाकीचं पत्र उघडायचंच नाही, हे मला लिहिणाऱ्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं. यिर्मयाने काही ते अकरा नंबर टाकून लिहिलं नव्हतं. आज आपण वापरतो ते अध्याय साधारण १३व्या शतकातले आणि वचनांचे आकडे त्याच्याही नंतरचे.

तर ह्या लेंटमध्ये, म्हणजे भस्म बुधवारी सुरू होणाऱ्या ईस्टरआधीच्या उपासकाळात, आमच्या शनिवारच्या बायकांच्या ग्रुपने ठरवलं की भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत एकच अध्याय वाचायचा, यिर्मया २९. बत्तीस वचनं, बस. आत्यांचा (माझ्या नाही, सगळ्या ग्रुपच्याच त्या आत्या) पहिला प्रश्न आला, "एका अध्यायाचं काय दीड महिना करायचं गं?" त्यांचं बरोबर होतं, कारण आम्हा लोकांना सवय आहे ती वर्षात बायबल पूर्ण करायच्या चार्टची. ११८९ अध्याय, रोज तीन-चार, टिकमार्क करत जायचं. उत्पत्ती मजेत जातं, निर्गमही समुद्र ओलांडेपर्यंत पळतं, मग निवासमंडपाची मापं सुरू होतात, आणि लेवीयमध्ये माणूस जो अडकतो तो पुढच्या जानेवारीपर्यंत. चार्ट वाईट नाहीये, एकदा तरी सगळं वाचलंच पाहिजे. पण चार्टवर वाचताना लक्ष पुढच्या टिकवर असतं, हा माझा तरी अनुभव.

माझ्या शेजारच्या काकू ज्ञानेश्वरी वाचतात. सप्ताहात पारायण करतात ते वेगळं, पण एरवी रोज दिवा लावल्यावर एकच ओवी, आणि मग दिवसभर भाजी निवडताना तीच पुटपुटत असतात. नामदेवांनीच सांगून ठेवलंय ना, एक तरी ओवी अनुभवावी. आम्ही शास्त्र वाचणारे मराठी लोक ह्याच हवेत वाढलोय, तर आम्हाला हे नवीन का वाटावं हेच मला कळत नाही.

पाश्चात्य मठांमध्येही अगदी हेच चालायचं. १२व्या शतकात फ्रान्समध्ये दुसरा गीगो म्हणून एका कार्थुसियन मठाचा प्रमुख होऊन गेला, त्याने शास्त्र वाचायची चार पायऱ्यांची शिडी सांगितली, वाचन, मनन, प्रार्थना, आणि चौथी पायरी, जिला मी आपलं नुसतं बसणं म्हणते. तो म्हणतो वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत चव लागते आणि शेवटी नुसती गोडी उरते. मठातल्या माणसाचं ठीक आहे, त्याला सात वाजता दोन डबे भरून द्यायचे नसतात. पण त्यातली चावण्याची गोष्ट मला फार पटली, कारण चावायला हात मोकळे लागत नाहीत.

म्हणजे होतं काय की सकाळी कुकर लावल्यावर मी तीन-चार वचनं उभ्यानेच वाचते, मोठ्याने. मोठ्याने हे महत्त्वाचं. डोळ्यांनी वाचलं की ओळखीचं वाटतं आणि डोळा सरकतो, तोंडाने वाचताना सरकता येत नाही, अडखळायला होतं, आणि जिथे अडखळते तिथेच बहुतेक वेळा त्या दिवसाचं काहीतरी असतं. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये नावाचं पुस्तक आहे, त्याच्या आठव्या अध्यायात तो कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतोय, तोही मोठ्याने वाचत होता, म्हणून तर येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला ऐकू आलं. मला तो माणूस भारी आवडतो. मोठा अधिकारी, घरापासून लांब, गज्जाच्या रस्त्यावर गाडीत बसून वाचतोय आणि समजतंय का विचारलं तर सरळ म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. बसमध्ये मनन करणाऱ्या सगळ्यांचा तो पूर्वज.

बस म्हणजे माझी वाघोली ते खराडी. ज्यांना माहीत आहे त्यांना काही सांगायला नको. अंतर किती थोडं आणि वेळ किती लागतो, त्यात अख्खं एक स्तोत्र पाठ होतं, तेही ११९वं झालं तरी चालेल (ते १७६ वचनांचं आहे). सकाळचं वाचलेलं मी बसमध्ये पुस्तक न उघडता आठवायचा प्रयत्न करते. जे आठवत नाही ते संध्याकाळी परत बघते. बस एवढंच. ह्याला साधना वगैरे म्हणायचं तर म्हणा.

आता त्या पत्रात काय आहे ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (म्हणजे बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून यहोयाखीन राजाला, त्याच्या आईला, सरदारांना आणि वेचून वेचून कारागीर-लोहारांना उचलून नेलं. म्हणजे ज्यांच्यामुळे गाव चालतं ते सगळे. मागे राहिलेल्यांत यिर्मया होता. आणि तिकडे गेलेल्यांचा एकच प्रश्न, परत कधी? आधीच्या म्हणजे २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, राजा परत येईल, लोक परत येतील, मंदिराची नेलेली भांडीसुद्धा परत येतील. लोकांना काय आवडलं असेल! त्यावर यिर्मया म्हणतो आमेन. खरंच. आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण मग तो म्हणतो की शांतीचा संदेश देणाऱ्याचं म्हणणं खरं झालं की मगच त्याला देवाने पाठवलं होतं हे कळतं. हनन्या चिडतो, यिर्मयाच्या मानेवर खुणेसाठी घातलेलं लाकडी जू काढतो आणि मोडून टाकतो. आणि यिर्मया निघून जातो. वाद घालत बसत नाही. (ह्या एका ओळीवर आम्ही पूर्ण शनिवार घालवला. ग्रुपमध्ये ज्या बाईचं जावेशी भांडण चालू होतं ती म्हणाली, निघून जायला जास्त ताकद लागते.) त्याच वर्षी हनन्या मेला, दोन वर्षं व्हायच्या आत.

आणि मग पत्र. यरुशलेमेहून बाबेलला पत्र म्हणजे काय चेष्टा नव्हती, पुढे एज्रा नावाचा याजक बाबेलहून यरुशलेमेला आला तेव्हा त्याला चार महिने लागले. तर एवढ्या लांबून आलेल्या पत्रात काय लिहिलंय, घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, पोरांची लग्नं करा, नातवंडं होऊ द्या. ज्या नगरात मी तुम्हाला नेलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं त्यातच तुमचं भलं. आणि मग दहावं वचन, सत्तर वर्षं. सत्तर! आणि त्यानंतर ते प्रसिद्ध अकरावं.

म्हणजे बघा, ते पत्र हातात घेऊन वाचणारा चाळिशीचा माणूस, त्याला स्पष्ट सांगितलंय की तू काही परत जात नाहीस. तुझा नातू जाईल. हिताचे संकल्प आहेत, पण तुझ्या हयातीत ते तुला दिसतीलच असं नाही. हे कार्डवर छापत नाहीत. छापलं तर ताटातलं ते कार्ड कुणी ठेवून घेणार नाही.

लोक काय खूश झाले असतील असं नाहीच. त्याच अध्यायाच्या शेवटी शमाया नावाचा एक जण बाबेलहून यरुशलेमेच्या याजकाला उलट पत्र लिहितो की ह्या यिर्मयाला खोड्यात का नाही घातलं अजून, हा लोकांना सांगतोय फार काळ लागेल, घरं बांधा म्हणून. मला हा भाग वाचून हसू येतं. व्हॉट्सॅप ग्रुपच्या ॲडमिनकडे तक्रार केल्यासारखंच आहे.

आता ह्यात माझं काय, तर मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, फ्लॅट झाला, पोराची शाळा झाली, तरी बोलताना आपलं गाव, आपली मंडळी, आपला रविवार म्हणजे नगरच. मला कुणी धरून आणलं नाही हे मला माहितीये, ईएमआय आम्हीच सही करून घेतला, त्यामुळे वाघोलीला बाबेल म्हणणं जरा जास्तच होईल. पण मनातून आम्ही दोघं इथे मुक्कामाला असल्यासारखेच राहत होतो. सोसायटीच्या मीटिंगला जायचं नाही, कारण आपण काय इथे कायमचे आहोत का. वॉर्डात काय चाललंय माहीत नाही. मतदार यादीत नाव नगरला, मतदानाच्या दिवशी जमलं तर जायचं, नाही तर नाही.

सातवं वचन एक आठवडाभर घेतलं होतं. नगराचं हित बघा. रोज कुकरपाशी वाचायचं, बसमध्ये आठवायचं. पहिले दोन-तीन दिवस छान छान प्रार्थना झाली, हे प्रभू पुण्याला आशीर्वाद दे वगैरे, जी काय आपण शहरासाठी करतो. मग एका सकाळी वाघोलीच्या चौकात बस अडकली, एका जागी कितीतरी वेळ, आणि मला वाटलं की पुण्याला आशीर्वाद दे म्हणजे नक्की काय दे? कुणाला दे? तर मग खिडकीतून जे दिसेल त्याच्यासाठी करायला लागले. चौकात उन्हात उभा ट्रॅफिक हवालदार. आमच्या सोसायटीत येणारे ते टँकरवाले. पाण्याचा प्रश्न आमच्याकडे असा आहे की मार्च लागला की ग्रुपवर दुसरा विषय नसतो, टँकर आला का, कुठल्या विंगला आधी, आणि त्यावरून जी भांडणं होतात ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. आमच्या कमिटीतले एक गृहस्थ आहेत, माझं आणि त्यांचं अजिबात पटत नाही, त्यांचं नावही प्रार्थनेत आलं. यायलाच पाहिजे होतं, तेही ह्याच नगरात राहतात. आणि एकदा का माणसाचं नाव सकाळी देवापुढे घेतलं की रात्री ग्रुपवर त्याला जो मेसेज टाकायचा होता तो टाइप करताना बोटं जड होतात हो. मेसेज टाकला मी, नाही असं नाही. पण दुसऱ्या शब्दांत टाकला, आणि त्यात फक्त टँकरबद्दल लिहिलं, त्यांच्या स्वभावाबद्दल नाही.

आणि दुसरं म्हणजे मी फॉर्म नंबर ८ भरला. मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म. शास्त्राचं मनन करून माणसाला दर्शन होतं, अश्रू येतात, नवीन गीत सुचतं, असं साक्षींमध्ये ऐकतो आपण. माझं मनन निवडणूक आयोगाच्या साईटवर जाऊन थांबलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला माझाही भर.

ह्यात मला सगळ्यात जास्त मदत कुणाची झाली असेल तर दानीएलाची, आणि ती सिंहाच्या गुहेवाली नाही, जी आपण संडे स्कूलमध्ये रंगवतो. यरुशलेमेहून पोरवयात बाबेलला नेलेला दानीएल नोकरदार होता. दारयावेश राजाचे १२० प्रांताधिकारी आणि त्यांच्यावर तीन अध्यक्ष, त्या तिघांतला हा एक. म्हणजे फायली, हिशेब, वरिष्ठ, जळणारे सहकारी, सगळं आलं. आणि हा माणूस दिवसातून तीनदा घरी माडीवरच्या खोलीत, यरुशलेमेच्या बाजूच्या उघड्या खिडक्यांपाशी गुडघे टेकतो. सहकाऱ्यांना त्याच्या कामात काही चूक सापडेना म्हणून त्यांनी त्याची प्रार्थनाच गुन्हा ठरवली, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं. प्रार्थनेत वेळ जातो म्हणून काम राहिलं अशी एकही तक्रार त्यांना करता आली नाही.

आणि त्याच्याच पुस्तकाच्या ९व्या अध्यायात काय आहे? दानीएल म्हणतो की मी ग्रंथ वाचत होतो आणि यिर्मयाच्या वचनावरून मला समजलं की यरुशलेमेच्या ओसाडीची सत्तर वर्षं व्हायची आहेत. म्हणजे आम्ही जे वाचत बसलो होतो तेच तो बाबेलमध्ये बसून वाचतोय, म्हातारा झालाय, पोरगा असताना आला होता. आणि सत्तर वर्षं संपत आली हे लक्षात आल्यावर तो काय बॅग भरत नाही. उपास करतो, गोणपाट नेसतो, राख घेतो आणि प्रार्थनेला बसतो, आणि ती प्रार्थना म्हणजे आम्ही पाप केलं, आम्ही ऐकलं नाही, आम्ही, आम्ही. ते म्हणत नाही. ज्याच्या कामात शत्रूंना चूक सापडली नाही तो माणूस आम्ही म्हणतोय. वाचन, मनन, उपास, प्रार्थना सगळं एका पानावर आहे तिथे, आणि तेही एका सरकारी अधिकाऱ्याचं.

उपासावरून आठवलं. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाने ऑफिसात उपास करणं हा एक वेगळाच विनोद आहे. शुक्रवारी मी दुपारचं जेवत नव्हते, तर डब्याच्या वेळी प्रश्न, "उपास? तुमच्यात असतो? मग साबुदाणा चालतो ना?" मग कुणीतरी प्रेमाने राजगिऱ्याचा लाडू पुढे करतं. आता मत्तय ६ मध्ये येशू सांगतो की उपास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळता कामा नये. इथे लोकांना कळल्याशिवाय राहतच नाही कारण पाच जणींचे डबे एकत्र उघडतात. शेवटी मी लाडू घेऊन पर्समध्ये टाकायचे आणि संध्याकाळी वॉचमनच्या पोरीला द्यायचे. यशया ५८ मध्ये उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटणं असं आहे, तर लाडू चालून जावा. ग्रुपमधल्या दोघींना शुगरची गोळी असते, त्यांनी जेवण सोडायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, त्यांनी सकाळच्या चहापर्यंत मोबाईल सोडला, आणि खरं सांगू, त्यांचाच उपास जास्त कडक होता.

रात्रीची एक गोष्ट मी वसईच्या एका कलीगकडून उचललीये. ती कुपारी समाजातली, कॅथलिक, तिच्या आजोळी रात्री जपमाळ झाल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे. ती स्वतः झोपताना संत इग्नेशियसची दिवसाची झडती करते. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्याच्या आध्यात्मिक साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये रोमला छापली गेली, त्यात हे दिलंय. आधी आभार, मग देवाकडे उजेड मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने परत बघायचा, मग क्षमा, मग उद्याचं. क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही प्रॉटेस्टंट लोक रात्री गुडघ्यावर गेलो की थेट पापकबुलीला हात घालतो नाही तर थेट मागण्यांना. आधी आभार मानायचे म्हटलं की दिवसात काय मिळालं ते शोधावं लागतं आणि शोधायला लागलं की सापडतं, बसमध्ये जागा, पोराने न सांगता दप्तर भरलं, अशी बारीक बारीक. पाच मिनिटांचं काम आहे. मी बऱ्याचदा तिसऱ्या पायरीवर दुपारच्या मीटिंगपर्यंत पोचते आणि झोपते, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे देवाच्या कुशीत झोप लागली तर तक्रार कुणाची.

आत्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे कॅथलिकांचं ना गं?" मी म्हटलं आत्या, आपण चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजन म्हणतो ते कुठून आलं? रेव्हरंड टिळकांनी आणलं ना. नारायण वामन टिळक, करजगावचे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, आपल्या नगरला राहिले, आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. त्यांना वारकऱ्यांची चाल चालली तर मला इग्नेशियसची झडती का चालू नये. आत्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुला उत्तरं फार येतात." पण पुढच्या शनिवारी त्यांनीच विचारलं की ते दुसरं काय होतं, आभारानंतरचं.

एक कबूल, सगळे दिवस काही असे भरलेले नसतात. लेंटच्या मध्यावर एक पूर्ण आठवडा असा गेला की वचनं नुसती वचनं होती, तेराव्या वचनात आहे की मनापासून मला शोधाल तर मी सापडेन, आणि मला काही सापडत नव्हतं आणि खरं म्हणजे शोधायचाही कंटाळा आला होता, क्वार्टर एंड, पोराची परीक्षा, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, सगळं एकदम. अशा वेळी मी एकच करते, प्रभूची प्रार्थना अगदी सावकाश म्हणते, एका श्वासाला एक ओळ. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. पुढच्या महिन्याची नाही मागायची, आजची. त्या आठवड्यात मला तेवढीच मागता येत होती.

त्याच आठवड्यात नगरला जाऊन आले, रेल्वेने, दौंडमार्गे. केडगाव स्टेशन आलं की मी नेहमी खिडकीतून बघते, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. त्यांना वेळ नाही म्हणायला सगळी कारणं होती. दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली, त्यांचं खाणं, शिक्षण, दवाखाना, शेती, छापखाना, हे सगळं अंगावर, आणि त्यात ह्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. कित्येक वर्षं ते काम चाललं, कान ऐकेनासे झाले तरी चाललं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली छापून आलं. त्यांच्याही हातात ते बांधलेलं पुस्तक काही आलं नाही. मला सत्तर वर्षांचं दहावं वचन त्या दिवशी जरा जास्त कळलं, गाडी केडगावला दोन मिनिटंच थांबते तरी.

ईस्टर झाला, अध्याय संपला, म्हणजे संपला असं नाही, पण थांबवला. आता पुढे काय ह्यावर ग्रुपमध्ये दोन पक्ष आहेत. माझं म्हणणं विलापगीत घेऊ. त्यातलंही एक वचन कार्डांच्या ताटात हमखास असतं, देवाची दया रोज सकाळी नवी होते ते, तिसऱ्या अध्यायातलं. आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे, तर यरुशलेम जळालंय, मंदिर पडलंय, रस्त्यात पोरं भुकेने मरतायत. पाच कविता, त्यातल्या पहिल्या चार हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेल्या, म्हणजे रडतानाही कुणीतरी बाराखडी लावून, एकही अक्षर न सोडता रडलंय. यिर्मया २९ नंतर हेच वाचलं पाहिजे, कारण हनन्याचं ऐकणाऱ्यांचं पुढे काय झालं ते इथेच दिसतं.

आत्यांचा विरोध आहे. मे महिन्यात त्यांच्या नातीचं लग्न आहे आणि हळदीच्या आठवड्यात मी विलापगीत वाचणार नाही म्हणजे नाही, असं त्यांनी ग्रुपवर मोठ्या अक्षरात टाकलंय. त्यांना रूथ पाहिजे, चार अध्याय, कापणी, सासू-सुनेचं प्रेम आणि शेवटी लग्न. मतदान झालं, आत्या जिंकल्या. मेमध्ये रूथ, जूनमध्ये विलापगीत, शनिवारी सहा वाजता, आणि टँकर आलेला असला तरच चहा.